कॅथलिक शाळेत अर्ज करताना

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

कॅथलिक शाळेत शिक्षिकेच्या नोकरीसाठी लिहिलेला तुझा अर्ज वाचला. आधी 'मी मेहनती, प्रामाणिक व वक्तशीर आहे' ही ओळ खोडून टाक. दर अर्जात ती असते, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर तिच्यावर ठरतच नाही. त्या जागी इंटर्नशिपमधलं भागाकाराचं लिही. पाचवीतलं ते लेकरू ६१२ भागिले ६ चं उत्तर १२ काढत होतं. तू फुली मारून पुढं गेली नाहीस. शंभराच्या सहा कागदी नोटा, दहाची एक आणि दोन सुटे रुपये त्याच्या हातात दिलेस आणि सहा जणांत वाटायला लावलेस. शंभराची एकेक नोट गेली. दहाची मात्र एकच, ती सहा जणांत कशी वाटणार? ती मोडून, आधीचे दोन मिळवून बारा रुपये झाले, दोन-दोन वाटले. दशकाच्या घरात कुणालाच काही मिळालं नाही, म्हणून तिथं शून्य मांडायचं, हे त्याचं त्यालाच उमगलं. उत्तर १०२. फोनवर हे सांगताना तुला किती आनंद झाला होता! हे पाच-सहा ओळींत अर्जात येऊ दे. नमुना पाठ घ्यायला सांगितला, तर हाच घे.

तुझ्या घरचे म्हणतात, तिथं त्यांचीच माणसं घेतात. राज्यघटनेच्या कलम ३० नं अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे, त्यामुळे निवडीत त्यांना मोकळीक असते, हे खरं. पण मराठवाड्यात कॅथलिक घरं थोडी. या शाळांत शिकणारे आणि शिकवणारे बहुतेक हिंदू, मुस्लिम, बौद्ध घरांतले असतात. मी वारकरी घरातली. गळ्यात तुळशीची माळ घालून अशाच एका शाळेत निवृत्तीपर्यंत शिकवलं. माळेबद्दल मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. तेव्हा मुलाखतीत उगाच भक्तिभाव दाखवू नकोस. 'गुड मॉर्निंग फादर' किंवा 'सिस्टर' एवढं पुरे. 'आमचीच शाळा का?' असं विचारतीलच. 'मला नोकरीची गरज आहे आणि इथं मुलांकडं लक्ष देतात असं मी ऐकलंय' हे उत्तर खरं असेल तर तेच दे.

धर्माचं काय होतं तेही सांगते, म्हणजे मनात धाकधूक नको. परिपाठात प्रार्थना असते, तेव्हा शांत उभं राहायचं. ख्रिस्ती मुलांचा धर्मशिक्षणाचा तास चालू असतो तेव्हा बाकीच्यांना मूल्यशिक्षण असतं. तो तास तुझ्याकडं येऊ शकतो, तयारी ठेव. मान्यताप्राप्त शाळेत कुणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, असं कलम २८ सांगतं. देशातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनंही २०२४ मध्ये आपल्या शाळांना बजावलं की इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका. त्याच सूचनांत रोज राज्यघटनेची उद्देशिका म्हणायला सांगितलंय. मला ते फार मोलाचं वाटतं.

आता शाळा नीट ओळखून घे. आपल्याकडं कुठल्याही इंग्रजी शाळेच्या पाटीवर कॉन्व्हेंट लिहिलेलं असतं, म्हणून ती चर्चची असतेच असं नाही. खऱ्या कॅथलिक शाळांतही काही धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या, काही सिस्टरांच्या किंवा फादरांच्या संघांच्या. हे माहीत असण्याचा व्यवहारातला उपयोग असा, की फादर-सिस्टरांच्या बदल्या होतात. आज ज्यांनी तोंडी शब्द दिला, ते दोन वर्षांनी दुसऱ्या गावी असतील. म्हणून पगार, तास, सुट्टीतला पगार, सगळं नियुक्तिपत्रात लिहून घे. मागायला लाजू नकोस.

शाळा अनुदानित की विनाअनुदानित, हे पहिल्याच भेटीत विचार. अनुदानित असेल तर आधी शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं, २०२३ पासून प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये मानधन. शिवाय शिक्षण खात्याची तुझ्या नावाची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगारप्रणालीतला क्रमांक, होईपर्यंत हातात पैसे येत नाहीत, तेवढी सोय घरी करून ठेव. विनाअनुदानित असेल तर नेमणुकीचा आदेश फक्त जून ते एप्रिलपुरता आहे का ते बघ. खासगी शाळांसाठीच्या १९७७ च्या कायद्यात कायम रिक्त जागेवर दोन वर्षांचा परिवीक्षा काळ, म्हणजे कायम होण्याआधीचा पारखण्याचा काळ, असतो. दरवर्षी नवा आदेश घेत बसलीस तर तो काळ मोजलाच जात नाही.

टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मात्र टाळू नकोस. पहिली ते आठवीसाठी ती २०१० पासून लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अल्पसंख्याक शाळांना ती लागू होते का, हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडं सोपवला, म्हणून काही जण 'आपल्याला गरज नाही' म्हणत बसलेत. तू बसू नकोस. १५० पैकी ९० मिळवून मोकळी हो.

आणि कुणी मधला माणूस 'फादरांशी ओळख आहे, एवढे लाख लागतील' म्हणाला, तर तिथूनच परत फिर. नोकरीच्या बोलीपायी वावर विकलेली घरं मी पाहिली आहेत. तुझ्या आईवर ती वेळ येऊ नये, असं मला फार वाटतं.

पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आताच काढायला टाक. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा, त्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेला कर्मचाऱ्यांची पडताळणी करावीच लागते. बालसुरक्षेच्या धोरणावर सही मागतील, ती वाचून कर. लेकरानं काही सांगितलं तर आपण काय करायचं, ते त्यात लिहिलेलं असतं.

जाहिरातीची वाट बघू नकोस. मार्च-एप्रिलमध्ये स्वतः जाऊन अर्ज दे, पोच घे. दुसरा खर्डा झाला की मला पाठव, भागाकाराचा भाग आधी वाचेन.

तुझी,
बाई