नवा डीव्हीडी प्लेयर बिघडला, दुकानदार हात वर करतो

प्रश्न : नवा डीव्हीडी प्लेयर घेऊन तीन आठवडे झाले. अमेरिकेतून भावाने पाठवलेल्या डिस्क त्यावर पहिल्यापासून लागल्याच नाहीत. आता इथे घेतलेल्या डिस्कही मध्येच अडकतात, नाहीतर 'नो डिस्क' येते. दुकानदार सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवतो आणि बिलावरचे 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य वाचून दाखवतो. सर्व्हिस सेंटर म्हणते, तुमच्या डिस्कच खराब. ओळखीचा मेकॅनिक लेन्स साफ करून द्यायला तयार आहे. पैसे परत मिळतील का?

उत्तर : आधी त्या मेकॅनिकला थांबवा. एकदा सील तुटले की 'बिघाड तुम्हीच केला' असे म्हणायला समोरच्याला आयते निमित्त मिळते.

भावाच्या डिस्कची तक्रार वेगळी काढा. डीव्हीडीला रीजन कोड, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागासाठी आहे ते सांगणारा क्रमांक, असतो. अमेरिकेचा 1, भारताचा 5. कोड जुळला नाही तर प्लेयर धडधाकट असूनही डिस्क लागत नाही. एवढ्यावरून प्लेयर सदोष ठरत नाही. मात्र खोक्यावर किंवा जाहिरातीत 'सर्व रीजन' असा दावा असेल तर चित्र पालटते, कारण विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे सांगितलेला दर्जा वस्तूत नसणे हाही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दोषच. खोके टाकले नसेल तर आजच त्याचे फोटो काढा.

तुमचे खरे बळ दुसऱ्या, म्हणजे इथल्या डिस्क अडकण्याच्या तक्रारीत आहे, पण पुरावा नीट हवा. विकत घेतलेल्या तीन-चार स्वच्छ डिस्क आधी दुसऱ्या कोणाच्या प्लेयरवर लावा, मग तुमच्या. दोन्ही वेळा न थांबता व्हिडिओ घ्या आणि तुमच्या प्लेयरचा सीरियल नंबर त्यात दिसू द्या. एखादी ऑडिओ सीडीही लावून पाहा. सीडी आणि डीव्हीडी वाचायला वेगवेगळ्या तरंगलांबीचा लेसर लागतो. सीडी सुरळीत चालली आणि डीव्हीडी अडकली, तर खोट लेसर पिकअपमध्ये, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भागात, असण्याची शक्यता बळावते आणि 'डिस्क खराब' हा बचाव लंगडा पडतो. घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्क यात आणू नका. फायनलाइज न केलेली, म्हणजे रेकॉर्डिंगनंतरची शेवटची पायरी राहून गेलेली डिस्क चांगल्या प्लेयरवरही अडते आणि समोरचा वकील नेमके तेच पकडेल.

आता बिलावरचे वाक्य. त्याला घाबरू नका. बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर 30 दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमच्या बिलातल्या वाक्यात मुदतच नाही, म्हणून माझ्या मते 30 दिवस धरायचे. तीन आठवडे संपलेत, तेव्हा याच आठवड्यात दुकानदार आणि कंपनी दोघांनाही लेखी पत्र द्या. खरेदीची तारीख, सीरियल नंबर, बिघाडाचे वर्णन आणि 'बदलून द्या किंवा रक्कम परत करा' ही मागणी स्पष्ट लिहा. पत्र ईमेलने आणि पोचपावतीसह टपालाने, दोन्हीकडून जाऊ द्या. फोनवरचे बोलणे पुढे सिद्ध करता येत नाही.

प्लेयर सर्व्हिस सेंटरला देताना जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीचा कागद, घ्याच. तिच्यावर 'डिस्क खराब' लिहिले असेल तर खाली 'मान्य नाही' असे लिहून सही करा. एक गोष्ट स्पष्ट सांगतो : पहिल्याच दुरुस्तीत प्लेयर सुरळीत झाला, तर पूर्ण रक्कम परत मिळवणे कठीण जाते. तोच बिघाड पुन्हा उद्भवला तर दरवेळची जॉबशीट तुमच्या कामी येते.

पंधरा दिवसांत दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही काही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दुकान कुठेही असो, तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची. चाचणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तो खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल. चाचणी नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात वेळ जास्त लागू शकतो. तक्रारीत दुकानदार आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केले तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होईल.