शेजारचा प्रसाद खायचा का?

प्रश्न: आम्ही नगरचे ख्रिस्ती, आता पुण्यात सोसायटीत राहतो. शेजारच्या काकू गणपतीत मोदकांचा प्रसाद आणून देतात, मिस्टर म्हणतात खा काही होत नाही, सासूबाई म्हणतात मूर्तीपुढचं घरात नको. काय करू पाळकसाहेब?

उत्तर: ताई, हाच प्रश्न जुन्या काळी करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पडला होता, बायबलमधल्या प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 8वा आणि 10वा अध्याय सगळ्यांनी मिळून वाचा. मूर्ती काहीच नाही हे पौल मान्य करतो पण लगेच म्हणतो की तुमच्या खाण्यानं विश्वासातल्या एखाद्या भावाला अडखळण होत असेल तर खाऊ नका, म्हणजे मिस्टरांचं बरोबर असलं तरी सासूबाईंचं मन मोडून खाणं मला पटत नाही. नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर नको म्हणा, हे 10व्यात स्पष्टच आहे. पण दारातूनच परत पाठवू नका हो! काकूंना आत बसवा, चहा द्या, प्रेमानं सांगा, कदाचित पुढच्या वर्षी त्या नैवेद्याआधी काढून ठेवलेले मोदक आणतील, ते सासूबाईंसकट सगळ्यांनी पोटभर खा. आणि नाताळात करंज्या-चकल्यांचं ताट त्यांच्याकडे आठवणीनं पाठवा.