जर्मनीत बायोइकॉनॉमीत पीएचडीला येऊ का? माझं उत्तर

तुझा प्रश्न काल रात्रीपासून डोक्यात आहे. कृषी एमएस्सी झालीय, श्टुटगार्टच्या होहेनहाइम विद्यापीठात पीएचडीची जागा मिळतेय, मुलगी सात वर्षांची आहे. तिला घेऊन यावं का, असं विचारलंयस. व्हिसा, विमा, पगार हे सगळं अधिकृत साइटवर आहे, ते मी सोडून देते.

विषय उत्तम आहे: खनिज तेल-कोळशाऐवजी पिकांपासून आणि इतर जैविक मालापासून इंधन आणि वस्तू बनवणं. फक्त पहिल्या दिवसापासून एक प्रश्न विचारत राहा: या सगळ्याला जमीन कुठून आणणार? इथे 2004 नंतर बायोगॅससाठी मुद्दाम घेतलेल्या पिकांपासून बनवलेल्या विजेला जादा दर मिळू लागला आणि जिकडे तिकडे मका झाला. शेवटी 2012 च्या कायद्यात नव्या संयंत्रांच्या कच्च्या मालात मका आणि धान्य मिळून 60 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली.

मी दुसऱ्या एका संस्थेत मिस्कँथसवर काम केलं. उंच वाढणारं बहुवर्षायू गवत. एकदा कंद लावले की सुमारे वीस वर्षं पीक. पहिल्या वर्षी कापण्यासारखं काही नसतं, भरात यायला तिसरं वर्ष उजाडतं. हिवाळ्यात अन्नद्रव्यं खाली कंदांत परत जातात, म्हणून खत कमी लागतं, आणि मार्चच्या सुमारास वाळलेली धाटं कापायची. माझा करार मात्र दोन वर्षांचा होता. मग सहा महिने वाढवून मिळाले, मग एक वर्ष, पुन्हा सहा महिने. राहण्याचा परवाना त्या कराराला बांधलेला. नवा करार हातात पडायचा जुना संपायच्या दोन आठवडे आधी, आणि परवान्यासाठी भेटीची वेळ मिळायची चार महिन्यांनंतरची. एकदा मधल्या काळात माझ्याजवळ फक्त अर्ज पोचल्याची ईमेल होती आणि नेमकं तेव्हाच वडिलांचं ऑपरेशन निघालं. गेले तर परत येता येईल का, हे कुणी लेखी द्यायला तयार नव्हतं. मी गेले नाही. वडील बरे झाले, त्यांनी तो विषय कधी काढलाही नाही. मला मात्र ती ईमेल अजून डिलीट करवत नाही.

एकटेपणाचं विचारलंस. येतो. कामात जातो. पुढे.

जर्मन शीक. प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागतं. पण शेतावर ट्रॅक्टर चालवणारा माणूस इथल्या श्वाबिश बोलीत बोलतो, आणि कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं हे त्यालाच माहीत असतं.

आता मुलीचं. या राज्यात, बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये, चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात: थेट विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियम, मधली रेआलशूल आणि त्याखालची शाळा. शिक्षक शिफारस करतात. माझा मुलगा दुसरीत असताना इथे आला. गणितात पहिला, जर्मन निबंधात अडखळायचा. बाईंनी रेआलशूल सुचवलं. तेव्हा शिफारस बंधनकारक नव्हती, शेवटचा शब्द आमचा होता. आता तसं राहिलेलं नाही, गिम्नाझियमसाठी शिफारस नसेल तर चाचणीत तेवढे गुण मिळवावे लागतात. पण तेव्हा मी बाईंशी भांडू शकले असते. कापणीचा आठवडा होता, नमुने वाळवायला ओव्हन तेवढेच दिवस मिळाला होता. मी अर्ध्या तासात सही करून शेतावर परत गेले. तो आता सोळाचा आहे, बरं चाललंय त्याचं. मित्रही आहेत. पण परवा सहज म्हणाला, "आई, तू तेव्हा काही बोलली का नाहीस?" मी उत्तर दिलं नाही. इथे तुला एवढं लांबलचक लिहितेय ते बहुधा त्यामुळेच.

तेव्हा ये. मुलीला लगेच आण, वर्षभर मागे ठेवू नकोस. चौथीपर्यंत तिची भाषा पक्की व्हायला एकेक महिना मोलाचा आहे. शाळेतली ती भेट फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते. तुझी कापणीही तेव्हाच असेल. कापणी दुसऱ्या कुणाला तरी सांग.