छत्री फुकटची की रिचार्जची?

प्रश्न : टीव्हीच्या रिचार्जला महिन्याला साडेतीनशे रुपये जातात. पेरणीत हातात पैसा नसला की टीव्ही बंद. यजमान म्हणतात, फ्री डिश लावू. पण सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्या दिवसभर घरातच असतात आणि संध्याकाळच्या मराठी मालिकांवर त्यांचा फार जीव आहे. मुलाला क्रिकेट हवं. काय करावं?
– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, निर्णय सासूबाईंकडे पाहून घ्या. टीव्हीसमोर सगळ्यात जास्त वेळ त्याच बसतात. त्यांच्या मालिका कोणत्या वाहिनीवर लागतात ते आधी विचारा. झी मराठी, स्टार प्रवाह किंवा कलर्स मराठी म्हणाल्या, तर त्या पैसे भरूनच दिसतात; फ्री डिशवर नाहीत.

फ्री डिश ही प्रसार भारतीची सेवा, २००४ पासूनची. छत्री आणि डबा एकदाच घ्यायचा, महिन्याचं काही नाही. सह्याद्री आणि डीडी किसान त्यावर आहेतच. खासगी वाहिन्या मात्र लिलावात जागा घेऊन येतात आणि मुदत संपली की जातात. एप्रिल २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या काढून घेतल्या, तेव्हा बाजाराच्या दिवशी माणसं डबे काखेत घेऊन माझ्या दुकानात आली होती. डब्यांत काहीच बिघाड नव्हता. म्हणून एखाद्या वाहिनीच्या भरवशावर फ्री डिश घेऊ नका.

क्रिकेटचं सोपं आहे. २००७ च्या कायद्यामुळे भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने दूरदर्शनला द्यावे लागतात, ते फ्री डिशवर फुकट दिसतात. आयपीएल त्यात येत नाही, हे मुलाला आताच सांगून ठेवा.

माझं मत स्पष्ट आहे : म्हाताऱ्या माणसाची संध्याकाळ तोडून पैसे वाचवू नयेत. रिचार्ज ठेवा, पण छोटा करा. साडेतीनशेच्या पॅकमधलं अर्धं तुमच्या घरात कुणी पाहत नसेल. २०१९ पासून एकेक वाहिनी निवडून घेता येते. रिचार्जच्या कंपनीला फोन लावून आताचा पॅक बंद करायला सांगा आणि सासूबाईंच्या वाहिन्या नावानिशी घ्या. वाहिन्यांच्या पैशांखेरीज मूळ आकार किती, तेही विचारा. २०२४ पासून तो कंपनीच ठरवते.

सोबत फ्री डिशचा डबा घ्या, एमपेग-४ या नव्या पद्धतीचाच. जुन्या पद्धतीच्या डब्यावर वाहिन्या कमी दिसतात. रिचार्ज संपला तरी बातम्या आणि सामने चालू राहतील. छत्री मात्र दुसरी लागेल, कारण फ्री डिशचा उपग्रह वेगळा, ९३.५ अंश पूर्वेला. आपल्याकडून तोंड आग्नेयेला येतं, समोर निंबाची फांदी नको. फुकटची छत्री पावसात जाते असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. जोराच्या सरीत दोन्ही सारख्याच अडतात. मृग लागायच्या आत बसवून घ्या, ओल्या कवेलूंवर माणूस चढवू नका.