मुलीच्या कॉलेजचे पैसे कात्सिना बाहुल्यांत घालू का?

दादा, वहिनी, तुमची मेल दोनदा वाचली. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुम्ही चँडलर, अ‍ॅरिझोनाला राहता, दोघंही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, लेक सहा वर्षांची. शेजारच्या आजी घर विकून मुलाकडे राहायला चालल्यात आणि त्यांच्या यजमानांनी तीस वर्षांत जमवलेल्या १४ होपी कात्सिना बाहुल्या (अ‍ॅरिझोनातल्या होपी या आदिवासी जमातीच्या कोरीव लाकडी बाहुल्या) त्या तुम्हाला सगळ्या मिळून २१,००० डॉलरला देतायत. बँकेत तुमचे २८,००० आहेत. आजींचा भाचा म्हणतो दहा वर्षांत दुप्पट होतील, मुलीच्या कॉलेजला होतील, आणि टॅक्स वाचवायचा तर आयआरएमधून, म्हणजे टॅक्स-सवलतीच्या निवृत्ती खात्यातून, घ्या. महिनाअखेर उत्तर द्यायचंय.

चौदाचा सेट घेऊ नका. एक घ्या, आवडत असेल तर जरूर घ्या, पण ती कॉलेजच्या पैशातून नाही.

तुमच्या मेलमध्ये "शो-पीस" हा शब्द चार वेळा आलाय म्हणून हिशोबाच्या आधी वस्तूबद्दल बोलते. होपी लोक हिला तिहू म्हणतात, अनेक असल्या की तिथू. कात्सिना म्हणजे ती बाहुली नाही, कात्सिना म्हणजे पाऊस घेऊन येणारी देवमाणसं म्हणा. फ्लॅगस्टाफजवळच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर त्यांचं घर, हिवाळ्यात गावात येतात आणि जुलैत निमान हा निरोपाचा सोहळा झाला की परत जातात. या दिवसांत नाचाच्या वेळी कात्सिनांच्या हातून गावातल्या मुलींना तिहू मिळते. ती खेळून मोडायची नाही, घरात भिंतीवर टांगायची, रोज बघायची, कोण कुठला कात्सिना ते ओळखायला शिकायचं. (इंग्रजीत कचिना लिहितात पण होपी भाषेत च नाहीच, म्हणून कात्सिना.) पाऊस जेमतेम, मका खोल पेरून वाळूतल्या ओलीवर जगवायचा, अशा लोकांचं हे आहे. आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातलं, त्यामुळे मला हे समजायला फार वेळ लागला नाही.

मी सेकंड मेसाला, होपींच्या गावांकडे, तीनदा गेलेय. २६४ नंबरच्या रस्त्याने जाताना उन्हाळ्यात फोनचं घड्याळ दोनदा बदलतं, कारण शेजारच्या नावाहो जमातीच्या भागात घड्याळ एक तास पुढे करतात आणि मधल्या होपींच्या भागात अ‍ॅरिझोनासारखंच करत नाहीत. गावात फोटो काढायचा नाही, स्केचसुद्धा नाही, तेवढं पाळलं की माणसं छान बोलतात. एका घराच्या ओट्यावर एक काका काम करत होते. कॉटनवूड झाडाचं वाळलेलं मूळ, त्याला ते पाको म्हणतात, पुराच्या पाण्याने ओढ्यात वाहून आलेलं. बोटाला सँडपेपरची पट्टी गुंडाळून ते एका पायाची पोटरी घासत होते, घासायचं, फुंकर मारायची, अंगठा फिरवायचा, परत घासायचं. डोक्यावरची पिसं लाकडाचीच होती, एकेका पिसाच्या रेघा तापलेल्या पेनाने ओढलेल्या, केसाएवढ्या बारीक. माझ्या हातात दिली तर वजनच नाही! सावंतवाडीची जुनी पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी हातात घेतली असतील तर कळेल मी काय म्हणतेय. तळाला त्यांचं नाव, गावाचं नाव आणि कात्सिनाचं नाव. ती मी घेतली, माझ्या खर्चाच्या पैशातून, अजून हॉलमध्ये आहे, आणि माझ्या नेटवर्थच्या एक्सेल शीटमध्ये तिची ओळ मी कधी टाकलेली नाही.

आता तुमच्या चौदांकडे येते. फोटो बघितले. पाठीवर खरी पिसं असलेल्या दोन आहेत, मागच्या रांगेतल्या, आणि आजी म्हणतात "त्या सगळ्यात जुन्या, म्हणून सगळ्यात महाग." ही पिसं गरुडाची असली तर त्या विकताच येत नाहीत. अमेरिकेत १९१८ पासून स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे, १९४० पासून बाल्ड ईगलचा, १९६२ मध्ये त्यात गोल्डन ईगलही आला. वस्तू कायद्याच्या आधीची असली तर घरात ठेवता येते, वारसाने देता येते, पण विकता येत नाही आणि विकत घेताही येत नाही. एका व्यापाऱ्याने "आमचा माल कायद्याच्या आधीचा आहे" म्हणून केस केली होती, ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९७९ मध्ये कोर्टाने सांगितलं की तरीही विक्री बंदच. नवे कारागीर पिसं लाकडात कोरतात त्यामागे हे मोठं कारण आहे. टर्की किंवा कोंबडीची पिसं असली तर प्रश्न नाही, पण फोटोवरून ते मी सांगू शकत नाही, आणि तुम्ही व्हिसावर आहात, अशी भानगड तुमच्या नावावर नकोच. म्हणजे सेटमधल्या सगळ्यात महाग समजल्या जाणाऱ्या दोन वस्तूंची तुमच्यासाठी किंमत शून्य धरा.

उरल्या बारा. त्यातल्या पाच मला खटकतात. अंगावर सशाची फर, चामड्याचे पट्टे, मणी चिकटवलेले, हातपाय लेथवर फिरवल्यासारखे गोल, आणि खालच्या चौथऱ्यावर कात्सिनाचं नाव छापल्यासारखं, माणसाचं नाव नाही. अशा बऱ्याच वस्तू होपींनी केलेल्या नसतात. नावाहो कारागीरही बनवतात, त्यांचं काम त्यांच्या नावाने विकलं तर काहीच गैर नाही, पण होपी म्हणून विकलं तर १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायद्याने तो गुन्हा आहे, पहिल्याच वेळी अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आजींनी मुद्दाम काही केलं असेल असं मला अजिबात वाटत नाही, त्यांच्या यजमानांना हायवेवरच्या दुकानात कोणीतरी गळ्यात मारल्या असतील. माझ्या एका क्लायंटकडे सासऱ्यांच्या अशा नऊ होत्या, घरात सगळे समजत होते की मोठा ठेवा आहे, विकायला नेल्या तर दुकानदाराने सगळ्यांचे मिळून दोनशे सांगितले. ताईंना त्या दिवशी पैशापेक्षा सासऱ्यांचं वाईट वाटलं.

अजून एक विचारून घ्या, कात्सिना नाचात खरोखर घातलेला मुखवटा किंवा पूजेतली एखादी वस्तू या संग्रहात आहे का? असली तर तिला हात लावू नका. एप्रिल २०१३ मध्ये पॅरिसला असे सत्तरएक मुखवटे लिलावात निघाले, होपींनी कळकळीने विनंती केली, कोर्टात गेले, तरी लिलाव झाला. त्याच वर्षी डिसेंबरच्या लिलावात ॲनेनबर्ग फाउंडेशन या अमेरिकन दानशूर संस्थेने २४ वस्तू विकत घेतल्या त्या फक्त परत द्यायला. आपल्या देव्हाऱ्यातले टाक कोणी परदेशात बोलीला लावले तर कसं वाटेल, तेच आहे हे. विकायला म्हणून केलेली तिहू वेगळी, ती कारागीर स्वतः आनंदाने विकतो, त्यात संकोच नको. तरी त्यातही त्यांची मर्यादा असते. ओराइबी गावाचे प्रमुख तावाक्वाप्टेवा स्वतः तिथू कोरून बाहेरच्यांना विकायचे, पण विकायच्या असल्या की वेगवेगळ्या कात्सिनांच्या खुणा मुद्दाम एकात मिसळायचे, खरं रूप विकलं जाऊ नये म्हणून. मला हा माणूस फार आवडतो.

आता भाच्याचं "दुप्पट" खरं मानून हिशोब करू. समजा सगळ्या चौदा अस्सल आहेत आणि दहा वर्षांनी लिलावात ४२,००० ची बोली लागली. लिलाववाले विकणाऱ्याकडून कमिशन घेतात, १५ टक्के धरू, ६,३०० गेले, हातात ३५,७००. नफा १४,७००. शेअरवर लाँग टर्मचा रेट कमी असतो पण अशा संग्राह्य वस्तूंवर फेडरल टॅक्स २८ टक्क्यांपर्यंत जातो, तो पूर्ण धरला तर ४,११६ गेले. उरले ३१,५८४. म्हणजे २१,००० वर वर्षाला चार टक्क्यांच्या जरा वर, आणि यात इन्शुरन्सचा वेगळा रायडर, रंगाचे पोपडे उडणं, उन्हाने रंग विटणं, ऐन फीच्या वेळी गिऱ्हाईक न मिळणं यातलं काहीच धरलेलं नाही. सगळं भाच्याच्या मनासारखं घडलं तरी चार टक्के! आणि एखादी बाहुली अर्धी विकून एका सेमिस्टरची फी भरता येत नाही.

आयआरएमधून तर अजिबात नको. आयआरएच्या पैशातून अशी संग्राह्य वस्तू घेतली की तेवढे पैसे तुम्ही त्या वर्षी काढून घेतले असं धरतात, ट्रॅडिशनल प्रकारचं खातं असेल तर त्यावर टॅक्स आणि वय साडेएकोणसाठच्या आत असलं की वर १० टक्के दंड. टॅक्स वाचवायला गेलात तर उलट बसेल.

आणि खरं सांगू का, मला काळजी बाहुल्यांची नाहीये, त्या २८,००० ची आहे. महिन्याचा खर्च तुम्ही ६,००० लिहिलाय. २१,००० दिले की ७,००० उरतात, एक महिना आणि वर थोडे दिवस. एच-वन-बीवर नोकरी गेली तर नवीन शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. त्या ६० दिवसांचं घरभाडं, शाळा, वेळ आलीच तर तिकिटं, हे सगळं त्या पैशात आहे. शिवाय उद्या पुण्याला परत जायचं ठरलं तर हा संग्रह न्यायचा कसा? पिसांच्या वस्तूंना परमिटची कटकट, २०२२ च्या अखेरीस आलेल्या कायद्याने आदिवासी जमातींच्या पवित्र वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी, आणि समजा नेल्याच, तर पुण्यात त्यांना गिऱ्हाईक कुठून आणणार आणि वाळवंटात सुकलेलं ते लाकूड पावसाळ्यात कसं सांभाळणार.

मेलच्या शेवटी दादांनी सहज लिहिलंय की घराच्या डाउन पेमेंटसाठी ४०१के (कंपनीच्या निवृत्ती खात्यात पगारातून जाणारा हिस्सा) ६ वरून ३ टक्क्यांवर आणलंय. कंपनी ६ टक्क्यांपर्यंत अर्धं भरते ना? १,४०,००० पगारावर ते ३ टक्के म्हणजे ४,२००, त्यावर कंपनीचे २,१०० दरवर्षी सोडून देताय. हे याच आठवड्यात परत ६ करा, भाच्याच्या दुपटीपेक्षा हे पैसे जास्त खात्रीचे. कॉलेजसाठी लेकीच्या नावाने ५२९, म्हणजे शिक्षणासाठीचं टॅक्स-सवलतीचं खातं, उघडा, महिना दोनशेने सुरू करा, ग्रीन कार्डचं काय होतं ते बघून वाढवा. २८,००० ला हात लावू नका, ३६,०००, म्हणजे सहा महिन्यांचा खर्च, होईपर्यंत त्यातच टाका.

आजींना नाही म्हणायला तुम्हाला जड जातंय हे कळलं, वहिनींनी लिहिलंय की त्या लेकीला आजीसारख्या आहेत. मग त्यांना नुसतं नाही म्हणू नका, मदत करा. नेटिव्ह अमेरिकन कला कळणारा अप्रेझर (वस्तूंची किंमत ठरवणारा जाणकार) गाठून यादी करून द्या, पिसांच्या दोन बाजूला ठेवायला सांगा. अस्सल निघतील त्या विकता येतील किंवा एखादं म्युझियम घेत असेल तर दान देता येतील, ५,००० च्या वरच्या दानाला टॅक्ससाठी तसंही अप्रेझल लागतंच. फिनिक्सचं हर्ड म्युझियम तुमच्यापासून अर्ध्या तासावर आहे, अ‍ॅरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी १९६४ मध्ये त्यांच्या ४३७ कात्सिना बाहुल्या तिथेच दिल्या. आजींना आणि लेकीला घेऊन एकदा जाऊन या, आजींना यजमानांच्या छंदाबद्दल बोलायला बरं वाटेल.

तुमची एक घ्यायची तर हर्डलाच मार्चमध्ये इंडियन फेअर भरतो, १९५८ पासून भरतोय, तिथे कारागीर स्वतः बसलेले असतात. बजेट ५०० ठरवा, सुट्टीच्या किंवा दिवाळीच्या खर्चातून काढा. हा कुठला कात्सिना, तुम्ही कुठल्या गावचे, लाकूड कुठलं, हे विचारा, घासाघीस करू नका, पावतीवर नाव-गाव लिहून घ्या. आणि लेकीला बरोबर न्या, कुठली घ्यायची ते तिला ठरवू द्या.

कंपनीचा पूर्ण वाटा परत सुरू झाला की पे-स्लिप बघून मला कळवा, आणि आजींच्या त्या दोन बाहुल्यांच्या पिसांचं अप्रेझर काय म्हणतो तेही.