आधी साथ

प्रिय बाळा,

परवा उपवन तलावाच्या काठावर तू गिटार वाजवलीस ती अजून कानात आहे. बोटं छान पळतात तुझी. पण तुझा मित्र सॅक्सोफोनवर सोलो घेत होता, तेव्हा तुझ्या कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले स्वर, त्याच्या पायांत येत होत्या. सहाही तारा भरून, आणि लय हळूहळू पुढे ढकलत. विशीत माझंही हेच व्हायचं. चार वर्षं मी नुसता वेग वाढवत बसलो, आणि पहिल्याच बँडमध्ये ड्रमरने मला मध्येच थांबवलं. "ठोका ऐक," एवढंच म्हणाला.

म्हणून सांगतो, जॅझमधला गिटारवादक फ्रेडी ग्रीन ऐक. काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये तो १९३७ साली आला आणि १९८७ मध्ये वारला तोवर, जवळजवळ पन्नास वर्षं, साथच करत राहिला. सोलो क्वचितच. गिटारला अँप्लिफायर नाही, समोर ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची भिंत. गिटार वेगळी ऐकूच येत नाही, पण तिच्यामुळे अख्खा बँड डुलतो. ठेका पक्का असला की गवयाला सम शोधावी लागत नाही, तसंच हे.

त्याच्या पद्धतीने जी सेव्हन ही कॉर्ड धरून बघ. सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट (गिटारच्या मानेवरची पट्टी), चौथीवर तिसरा, तिसरीवर चौथा. सहाव्या तारेवरच्या बोटाचं टोक पाचव्या तारेला हलकेच टेकवून ती गप्प कर. पहिल्या दोन वाजवूच नकोस. मात्रेला एक असे चार ठोके. प्रत्येक ठोक्यानंतर डाव्या हाताचा दाब सोड, बोटं मात्र तारेवरून उचलू नकोस. खरं तंत्र या सोडण्यात आहे. मेट्रोनोम, म्हणजे लयीची टकटक देणारं यंत्र, ६० वर ठेव आणि त्याची टकटक दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडतेय असं धर. सुरुवातीला लय निसटेल, चिडू नकोस. रोज दहा मिनिटं कर, पलटे त्यानंतर.

सोलोसाठी गिटारवादक जिमी रेनी. १९५१ साली बॉस्टनच्या स्टोरीव्हिल क्लबमध्ये तो सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झबरोबर वाजला, ते ध्वनिमुद्रण मिळव. लांबलचक ओळी, पण कुठेही घाई नाही. त्यातली एकच ओळ घे, आधी गुणगुण, मग गिटारवर शोध. गळ्यात बसली नाही तर बोटांत बसणार नाही.

आणि आपल्याकडचे गिटारवादक कार्लटन किट्टो. कोलकात्यात राहून रेकॉर्डी ऐकत बीबॉप ही जॅझची वेगवान शैली शिकले, आयुष्यभर तेच वाजवलं, शिकवलं. २०१६ मध्ये गेले. त्यांचं नाव तुझ्या पिढीला ठाऊक नाही याचं मला फार वाईट वाटतं.

रविवारी सकाळी नौपाड्याला ये. अँप्लिफायर आणू नकोस. मी सोलो घेईन, तू साथ कर.

तुझा,
काका