पायथन स्क्रिप्टला डॉट पीवाय लावणं सक्तीचं आहे का?

तुमचा प्रश्न असा, की 'हिशोब' नावाची स्क्रिप्ट एक्स्टेंशन नसताना लिनक्सवर चालते, पण विंडोजवर डबल-क्लिक केल्यावर नोटपॅडमध्ये उघडते. मग डॉट पीवाय लागतं की नाही?

खुद्द पायथनला लागत नाही. 'पायथन3 हिशोब.टीएक्सटी' अशी कमांड दिली तरी आतला कोड चालतो. फाइल कोणत्या प्रोग्रॅमकडे द्यायची हे कोण ठरवतं, त्यावर सगळं आहे.

लिनक्सवर ते कर्नल (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ठरवतो आणि त्याला नावाशी देणंघेणं नाही. फाइलला एक्झिक्यूट परवानगी हवी (सीएचमॉड +एक्स हिशोब) आणि तिचे पहिले दोन बाइट '#!' हवेत. म्हणून पहिली ओळ '#!/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन3' ठेवा. इथे दोन गोष्टी हमखास नडतात. विंडोजवर लिहिलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी सहसा सीआर-एलएफ अशी ओळ संपल्याची दोन अदृश्य चिन्हं असतात, लिनक्सवर नुसतं एलएफ. त्यातला सीआर इंटरप्रिटरच्या (कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, इथे पायथन3 च्या) नावाला चिकटतो आणि 'अशी फाइल नाही' अशी तक्रार येते. एडिटरमध्ये लाइन एंडिंग एलएफ करा, काम झालं. दुसरी गोष्ट बीओएम, म्हणजे काही एडिटर यूटीएफ-8 फाइलच्या सुरुवातीला घालतात ती अदृश्य खूण: हे तीन बाइट '#!' च्या आधी येऊन बसले की कर्नल ती ओळ ओळखत नाही आणि शेल (तुम्ही कमांड टाइप करता तो प्रोग्रॅम) अख्खी फाइल स्वतःच्याच कमांडची स्क्रिप्ट समजून चालवायला घेतो. मग 'इम्पोर्ट: कमांड नॉट फाउंड' दिसतं. इमेजमॅजिक हे चित्रांवर काम करणारं सॉफ्टवेअर असेल तर आणखी मजा, कारण त्यात 'इम्पोर्ट' नावाची स्क्रीनशॉटची कमांड आहे. माउसचा कर्सर अचानक अधिक चिन्हासारखा झाला तर हेच समजा!

विंडोजवर मात्र डबल-क्लिकचा निर्णय एक्स्टेंशनवरच होतो. डॉट पीवायची नोंद सहसा पायथन लाँचरच्या नावावर असते आणि तो पुढे '#!' ची ओळही वाचतो. तुमची फाइल नोटपॅडमध्ये उघडते म्हणजे ती बहुधा 'हिशोब.टीएक्सटी' आहे आणि एक्सप्लोरर शेपूट लपवतोय. व्ह्यूमध्ये 'फाइल नेम एक्स्टेंशन्स' चालू करून पाहा. खिडकीवाल्या प्रोग्रॅमला डॉट पीवायडब्ल्यू दिलं तर मागे काळा कन्सोल उघडत नाही. पण चूक झाली तर एररही कुठे दिसत नाही, त्यामुळे आधी डॉट पीवाय म्हणूनच तपासून घ्या.

एक जागा मात्र दोन्हीकडे सारखी: इम्पोर्ट, म्हणजे एका फाइलमधला कोड दुसरीत वापरणं. 'इम्पोर्ट हिशोब' लिहिलं की पायथन हिशोब.पीवाय शोधतो, नुसतं 'हिशोब' त्याला सापडत नाही. नावात हायफन चालत नाही. आणि फाइलला रँडम.पीवाय असलं नाव देऊ नका, मूळ मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल लोड होईल.

माझ्या मते फाइल डॉट पीवायच ठेवा. नुसती 'हिशोब' ही कमांड हवी असेल तर पायप्रोजेक्ट.टॉमल या प्रोजेक्टच्या सेटिंग फाइलमध्ये प्रोजेक्ट.स्क्रिप्ट्सखाली ती नोंदवा. मग पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने प्रोजेक्ट इन्स्टॉल केल्यावर लिनक्सवर एक्स्टेंशन नसलेली फाइल आणि विंडोजवर हिशोब.ईएक्सई आपोआप तयार होते.